उष्माघात कक्षातली घागर

२३ एप्रिल
उष्माघात कक्षाला एसी मिळणार. क्लार्क प्रेमराजभाऊंनी दुपारी सांगितलं. ऐकीव नाही, पत्र त्यांच्या टेबलावरच होतं. बाजारपेठेतले कापडवाले दलिचंदशेठ त्यांच्या पत्नी कुसुमलताबाईंच्या स्मरणार्थ दीड टनाचा एसी देणार आहेत. मे संपायच्या आत बसेल म्हणतात.

"तुम्ही चालल्या सिस्टर, आणि गारवा येतोय," प्रेमराजभाऊ हसले. ३१ मेला माझी सेवा संपते. हसण्यासारखंच आहे, पण हसायला आलं नाही.

वही आजपासून पुन्हा सुरू करते. ड्यूटीचं रजिस्टर ड्यूटीसाठी असतं, त्यात सगळं लिहिता येत नाही.

२४ एप्रिल
कक्ष उघडला. कक्ष म्हणजे जुनी ड्रेसिंगची खोली. दोन पलंग, पंखा, लोखंडी कूलर, समोरासमोर दोन खिडक्या. एका खिडकीत कूलर, दुसरी मोकळी. लोटनभाऊने, म्हणजे आमच्या कक्षसेवकाने, कूलरचं जुनं गवत काढलं. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून ते पापडासारखं कडक झालं होतं. नवीन गवत ठासताना तो म्हणाला, "सिस्टर, समोरनी खिडकी उघडीच राहू द्या बरं. कूलर म्हंजे एसी नई शे. वारा येस तसा त्याले जावाले पायजे. नई तं बठ्ठं नुसतं ओलं व्हई जास."

मी म्हटलं, "माहीत आहे."

आता माहीत आहे. गेल्या वर्षी माहीत नव्हतं. किंवा होतं, पण त्या दिवशी सुचलं नाही.

ते एकदा लिहून टाकते. गेल्या वर्षी १९ मेला कापसाच्या जिनिंगमधला हमाल चिंधा पलंग नंबर एकवर वारला. दुपारी खोलीत गरम झळा येत होत्या म्हणून मी खिडकी लावून घेतली. गार हवा आत राहील असं वाटलं. कूलर चालूच होता. तासाभरात भिंतींना ओल आली. त्याच्या अंगावरची चादर वाळेना. ओल्या चादरीतलं पाणी उडून गेलं तरच अंग निवतं, हे मी नर्सिंगच्या मुलींना बारा वर्षं शिकवलं आहे. चौकशीत जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं, "खिडकी कोणी बंद केली?" मी म्हणाले, "लक्षात नाही." अहवालात आलं, रुग्ण उशिरा आणला. तेही खरंच आहे.

यंदा एकही जाऊ द्यायचा नाही. मग खुशाल ३१ तारीख येवो.

३० एप्रिल
बाहेर ४३, कक्षात ३२. भिंतीवरच्या तापमापकावर दर तासाला बघते. दोन रुग्ण आले, दोन्ही सलाईन लावून संध्याकाळी घरी गेले.

संध्याकाळी डोकं दुखतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

४ मे
डॉ. ऋतिका मॅडम राउंडला आल्या. वय माझ्या मुलीएवढं, दिपमालाएवढं. कूलरसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सिस्टर, एसी आला की ही भानगड संपेल. रोज टाकी भरा, गवत भिजवा. किती पाणी लागतं याला?"

"दिवसाला चार-पाच हंडे."

"आणि तुम्हाला?"

चेष्टा होती. मला ड्यूटीत पाणी लागत नाही. स्टाफचं बाथरूम फेब्रुवारीपासून बंद आहे, आत जुन्या गाद्या कोंबल्या आहेत. दुसरं आहे ते मैदान ओलांडून, ओपीडीच्या मागे. भर उन्हात तिथवर कोण जाणार, आणि कक्ष सोडून? सकाळी चहा, दुपारी अर्धा ग्लास, संध्याकाळी क्वार्टरवर गेलं की पोटभर. तीस वर्षं असंच चाललं आहे. आम्हा सगळ्याच बायकांचं.

७ मे
क्वार्टरवरचा माझा कूलर कक्षात पहिल्या कूलरशेजारी आणून लावला. एका कूलरने दोन पलंग पुरेसे गार होत नाहीत. लोटनभाऊ कूलर उचलताना म्हणाला, "मंग तुम्ही कशा झोपशात?" मी सांगितलं, ओली चादर पांघरून, पूर्वी आई झोपायची तशी. तो कूलरची वायर गुंडाळायला लागला. मला वाटतं, त्याला पटलं.

१० मे, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया
दिपमालाचा फोन सकाळी सातला. धुळ्याला सासरी आखाजीचा सांजोऱ्यांचा घाट आहे. "आई, माहेर कायम ड्यूटीवर असलेल्या मुलीनं आखाजीला कुठं जायचं? झोका कुठं बांधायचा?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी इथे क्वार्टर नसेलच, धुळ्याला तुझ्याच घरी येऊन राहीन, तिथेच बांध. ती म्हणाली, "म्हणजे माहेरपण आणि सासरपण एकाच पंख्याखाली." हसलो दोघी.

दुपारी साडेबाराला कक्षाच्या दारात बेबाबाई उभी. चिंधाची बायको. वर्षभरानंतर बघितलं. जिनिंगचा हंगाम संपला की ती एसटी स्टँडवर काकड्या विकते, एवढं कानावर होतं. डोक्यावर नवी मातीची घागर, घागरीवर छोटं मडकं, त्यावर खरबूज.

घरात कोणी गेलं असेल तर आखाजीला त्याच्या नावाने घागर भरतात. पाण्याची घागर पुजतात, त्याला तहान लागू नये म्हणून. पण ती घरी भरतात.

"सिस्टरबाई, घागर कुठं ठिऊ?"

मी म्हटलं, "इथे? घरी नाही भरली?"

"घर भाड्यानं शे. तो काय तठे गयता? तो अठेच गया." तिने सरळ आत येऊन मोकळ्या खिडकीच्या कट्ट्यावर घागर ठेवली. हळदकुंकू वाहिलं. खरबूज लोटनभाऊच्या हातात दिलं. "कापीसन बठ्ठास्ले द्या. आनि पानी बी द्या. जो येई त्याले."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बी प्या."

मी कूलरचा पंप बघायचा आहे असं सांगून बाहेर आले. पंप ठीक होता.

११ मे
बेबाबाई सकाळी सातला येऊन घागर धुऊन भरून गेली. रोज येणार म्हणते. कूलरची हवा समोरच्या खिडकीतून बाहेर जाते, ती घागरीवरूनच. त्यामुळे पाणी माठापेक्षाही गार होतं. रुग्ण, नातेवाईक, लोटनभाऊ, सगळे पितात. मॅडमनी बाटली भरून नेली.

मी नाही पीत. त्या पाण्यावर माझा हक्क नाही.

१४ मे
मतदानाच्या कामाला गेलेल्या आमच्या तिघी नर्सपैकी दोघी तापाने घरी. म्हणजे सकाळ-दुपार दोन्ही पाळ्या माझ्याकडे. बाहेर ४४. कक्षात ३३. सहा रुग्ण, दोन पलंगांवर आलटून पालटून, बाकीचे व्हरांड्यात ओल्या चादरीखाली. सगळे बरे.

पोटऱ्यांत गोळे येतात. उभं राहून राहून येत असावेत.

बेबाबाईने आज विचारलं, "सिस्टरबाई, तुमचा गिल्लास कोन्ता?" सांगितलं, माझी बाटली वेगळी आहे. बाटली टेबलावर होती. सकाळची, भरलेली.

१९ मे
चिंधाला वर्ष झालं. बेबाबाई आली, घागर भरली, गेली. तिला खिडकीचं माहीत नाही. माहीत असतं तर ती इथे पाणी भरायला आली नसती.

सांगावं असं वाटतं. पण बारा दिवस राहिले आहेत. आता चौकशी पुन्हा उघडली तर पेन्शनचे कागद अडकतील, प्रेमराजभाऊंनी दुसऱ्याच कोणाच्या बाबतीत सांगितलं होतं, वर्षभर अडकले. आधी निवृत्त होते, मग बघू, असं मी मनाशी ठरवलं. ठरवल्यावर बरं वाटलं नाही.

२२ मे
एसी बसला. सकाळी दोन माणसं आली. कूलर काढून व्हरांड्यात ठेवले, त्या खिडकीला प्लायवूड ठोकला. समोरच्या खिडकीची दारं चारी बाजूंनी खिळे मारून बंद केली, फटींत लांबी भरली. घागर उचलून कोपऱ्यात स्टुलावर ठेवली. चार वाजता शेठजी आले. पांढरा सदरा, हातात टोपी. फीत कापली. रिमोट माझ्या हातात दिला. "सिस्टर, तुम्हीच लावा. तुमचा मान."

पाच मिनिटांत खोली पंचवीस अंशांवर. शेठजी पलंगावर बसले. मग म्हणाले, "कुसुम गेली तेव्हा मी हातपंख्यानं वारा घालत होतो. दोन दिवस लाईट नव्हती. हात भरून यायचा. मनात यायचं, पैसा आहे आणि वारा नाही." भला माणूस आहे.

खोटं कशाला लिहू. सगळे गेल्यावर मीही स्टूल ओढून एसीखाली बसले. तीस वर्षांत ड्यूटीवर पहिल्यांदा मान वाळली. डोळ्यांत पाणी आलं. मग लोटनभाऊ आला आणि म्हणाला, "खिडक्यास्ले खिळा माऱ्यात सिस्टर. लाईट गई तं?"

मी म्हटलं, "मॅडमना विचारते."

मॅडम म्हणाल्या, "इन्व्हर्टर आहे ना?" इन्व्हर्टरवर पंखा चालतो, लोखंडी कूलर चालतो. एसी चालत नाही. मॅडमनी मोबाईलमध्ये टिपून घेतलं.

२४ मे
दोन दिवस छान. व्होल्टेज पडलं की एसी टक्कन बंद होतो, पुन्हा लागतो. नातेवाईक आत बसायला बघतात. आज एक जण तर घागरीजवळ पथारी टाकून झोपला होता. उठवलं तर म्हणाला, "माले बी लू लागेल शे." लोटनभाऊने विचारलं, "कवा लागनी?" तर म्हणे, "आते तुम्ही उठाडं तवा."

व्हरांड्यातल्या उन्हात चक्कर आली. खांबाला धरलं. सकाळी खाल्लं नव्हतं.

२६ मे, रविवार
आज अक्षर वाईट येईल.

सव्वाबाराला ताईबाई नावाच्या बाईला ट्रॅक्टरमधून आणलं. चाळिशीची. शेतात पऱ्हाट्या वेचत होती. बेशुद्ध. अंग तव्यासारखं, कोरडं. ताप १०६.४. तिला पलंग नंबर एकवर घेतलं. एसी चालू होता. साडी सैल केली, अंग पाण्याने पुसलं, ओली चादर, पंखा. सलाईन. काखेत बर्फ. मॅडम आल्या. पाऊण तासात १०४.

एक वीसला लाईट गेली.

इन्व्हर्टरवर पंखा चालू राहिला. दोन वाजेपर्यंत खोलीत अठरा माणसं कोंबल्यासारखा दमटपणा. भिंतीला हात लावला तर ओला. ताईबाईच्या अंगावरची चादर दाबून पाहिली. गार नाही, कोमट, चिकट. वाळतच नव्हती. ताप पुन्हा १०४.८.

तीच खोली. तोच पलंग. तीच ओली चादर.

मी म्हटलं, "खिडक्या काढा."

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, थांबा, लाईट येईल. परवाच बसवलंय, शेठजींचं काम आहे. बाहेर चव्वेचाळीस आहे, गरम हवा आत येईल."

"येऊ द्या. कोरडी आहे. चादर तरी वाळेल."

"पण..."

"माझ्या नावावर लिहा मॅडम. प्लायवूड, खिळे, रंग, सगळं."

लोटनभाऊ वाट बघत नव्हता. हातोडी सापडेना तर सलाईनचा लोखंडी स्टँड उलटा करून त्याने प्लायवूडच्या फटीत घातला. दोन हिसक्यांत फळी आली. समोरच्या खिडकीचे खिळे निघेनात, त्याने दारच बिजागरीसकट काढलं. मॅडमनी स्वतः दुसरी बाजू धरली. व्हरांड्यातला कूलर ओढून खिडकीत लावला, इन्व्हर्टरची वायर जोडली, टाकीत पाणी नव्हतं, घागर होती. लोटनभाऊने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ओता." बेबाबाईचं पाणी गवतावरून खाली झरलं आणि वारा सुटला.

एक्सरेच्या जुन्या फिल्मने मी वारा घातला. मॅडमनी दुसऱ्या बाजूने. शेठजींची आठवण झाली, हात खरंच भरून येतो. तीनला १०३. साडेतीनला १०२. चारला तिने डोळे उघडले आणि विचारलं, "मनी चप्पल कुठं शे?"

लोटनभाऊ म्हणाला, "ट्रॅक्टरमां. तुमनी वाट दखी राह्यनी."

सव्वापाचला लाईट आली. एसी आपोआप सुरू झाला आणि दोन उघड्या खिडक्यांना गारवा देत बसला. मी बंद केला.

२७ मे
ताईबाई बरी. उठून बसली.

आज मला घाम नाही आला. हवा एकदम कोरडी असणार, कूलरला याहून चांगला दिवस नाही. कक्षात ३१.

मॅडमनी रजिस्टर मागितलं. खिडकी तोडल्याची नोंद करायची आहे. मी म्हटलं, मी करते. लिहिलं, २६ मे, दुपारी दोन, खिडक्या उघडल्या, माझ्या सांगण्यावरून. मग पेन थांबेना. खाली लिहिलं, मागील वर्षी १९ मे रोजी हीच खिडकी मी बंद केली होती. चौकशीत लक्षात नाही असे सांगितले. लक्षात होते. सही. सही नीट आली नाही.

२७ मे
तारीख दोनदा पडली. आज २८ असेल. डोकं फार दुखतं. कक्षात ३१ की १३, लोटनभाऊ म्हणतो मी बोर्डावर १३ लिहिलं. बाटली भरलेली आहे. बेबाबाई आली का आज

३० मे
पलंग नंबर दोनवरून लिहिते. मॅडमनी वही दिली, पेन लोटनभाऊचं.

परवा दुपारी टाकी भरताना पडले. मला आठवत नाही, आणि या वेळी खरंच आठवत नाही. ताप १०५.२ होता. मॅडम सांगतात, साडी सैल केली, अंग भिजवलं, ओली चादर, दोन्ही कूलर, दोन्ही खिडक्या उघड्या. एक कूलर माझाच होता. ताईबाईने एका बाजूने एक्सरेची फिल्म हलवली. तिला डिस्चार्ज दिला होता, गेली नाही.

"सिस्टर, तुम्ही मेल्या असत्या तं," लोटनभाऊ म्हणाला, "यंदाचा आकडा तुमच्याच नावावर लागता." मग तोंड फिरवून कूलरची मोटर बघायला लागला. मोटर ठीक होती.

मॅडमनी चार्ट दाखवला. तीन आठवड्यांचा, त्यांनी लोटनभाऊला विचारून केलेला. सिस्टरने प्यायलेलं पाणी. प्रत्येक दिवशी अर्धा ग्लास. "पेशंटचं थेंबाथेंबाचं लिहिता," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता. मग गाद्या काढून स्टाफचं बाथरूम कालच उघडल्याचं सांगितलं.

सकाळी सातला बेबाबाई आली. घागर धुतली, भरली, खिडकीत ठेवली. रजिस्टरमधलं लिहिणं आता चार जणांनी वाचलं असणार, म्हणून मी आधीच सांगितलं. म्हटलं, "बेबाबाई, ती खिडकी मी लावली होती."

ती पदराने घागर पुसत होती. "माले म्हाईत शे."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगी? मी त्याच्या पायाशी बशेल होती. खिडकी लावताना तुम्हीच माले म्हनल्यात, मावशी, पाय उचला."

मला ते आठवलं. तिचे पाय. चांदीचे वाळे होते.

मी विचारलं, "खिडकी उघडी असती तर वाचला असता का?"

"तुमले म्हाईत शे का?"

"नाही."

"मंग माले बी नई." तिने माझ्याच टेबलावरचा ग्लास घेतला, घागरीत बुडवला, पुसला. "दोन तास ट्रॅक्टरमां पडेल होता. तुम्ही चमच्याचमच्यानं पानी पाजं त्याले. त्यानं तेच मांगं शेवटी. मी ते बी दखेल शे, खिडकी बी दखेल शे. आते प्या."

प्यायले. पूर्ण ग्लास. मातीचा वास होता. तिने दुसरा भरला.

उद्या ३१. निरोप समारंभ अकरा वाजता, मॅडमनी तो कक्षाबाहेरच्या व्हरांड्यात ठेवला आहे, मला खुर्चीवर बसवणार. शेठजी येणार आहेत. मॅडमनी त्यांना खिडक्या तोडल्याचं सांगायला फोन केला तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, ती बाई वाचली का. मग त्यांच्याच संमतीने ठरलं, एसी शस्त्रक्रियेच्या खोलीत हलवायचा, आणि कुसुमलताबाईंच्या नावाची पाटी कक्षात लावायची, कूलरच्या खिडकीवर. सुतार सोमवारी बिजागऱ्या बसवेल, खिडकी आतून बंदच होणार नाही अशा.

रजिस्टरच्या पानाची प्रत आणि माझं पत्र उद्या सकाळी दहाला जिल्ह्याला जाईल. प्रेमराजभाऊंनी दोनदा विचारलं, "नक्की ना सिस्टर? पेन्शन..." मी म्हटलं, जावक क्रमांक टाका. दिपमाला दुपारच्या बसने धुळ्याहून न्यायला येणार आहे. कूलर इथेच ठेवणार. तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि सातला बेबाबाई घागर भरायला येईल.